आमच्याकडं द्राक्षं आंबली की सुतक

फेब्रुवारीत ऑफिसची ट्रिप नाशिकला गेली होती, वायनरी बघायला. मी पुण्यात अकाउंट्सला आहे, टीममध्ये बारा जण आणि त्यात शेतकऱ्याच्या घरातली मी एकटीच, त्यामुळे बस निघाल्यापासून सगळे मलाच विचारत होते की तुमच्याकडे पण द्राक्षं असतात ना गं, मग तुमच्याकडे वायनरी का नाही. म्हटलं सांगते, आधी मिसळ खाऊया. तर तिथं पोचलो आणि बघतो तर एका मोठ्या लाकडी टबात द्राक्षं ओतलेली, लोक पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात नाचतायत, गाणी लावलेली, आणि नाचायचं वेगळं तिकीट. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत आण्णांच्या, म्हणजे वडलांच्या, नंबरवरनं फोन, बोलणारी आज्जी. "पायानं तुडवायलीत व्हय गं? आनि पैसं कोन कुनाला देतंय?" म्हटलं, तुडवणारेच देतात. पलीकडं बराच वेळ शांत. मग म्हणाली, "असू दे. तू नको चढू त्यात."

नाही चढले.

मग खाली तळघरात नेलं. स्टीलच्या उंच टाक्या, लाकडी पिंपं ओळीनं आडवी ठेवलेली, बाहेर ऊन आणि आत स्वेटर घालावा असा गारठा. गाइड पोरगा छान बोलत होता, म्हणाला डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या. सगळ्यांनी घेतला, वा काय अरोमा, फ्रूटी आहे ना एकदम, असं सुरू झालं, आणि माझ्या पोटात गोळा आला. खरंच सांगते, हात गार पडले. मी वर येऊन पायरीवर बसले. एक मैत्रीण मागोमाग पाणी घेऊन आली, म्हणाली तुला वासानंच चढली की काय. तिला काय सांगणार. तो वास माझ्या ओळखीचा होता, मार्च २०१४ पासून.

त्याचं सांगते पुढं. आधी गाव कुठं आहे ते सांगू दे, कारण पुण्यात बेळगाव म्हटलं की लोकांना कुंदा आणि पाऊस एवढंच आठवतं आणि आमच्याकडं कुंदा नाही आणि पाऊस तर त्याहून नाही.

बेळगाव जिल्हा हा पश्चिमेकडनं पूर्वेकडं चालत गेलात तर दर तासाला पीक बदलतं असा जिल्हा आहे. खानापूर म्हणजे सह्याद्रीचा माथा, कणकुंबीकडं पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजायचा, भात, काजू, जंगल. बेळगावच्या आसपास बासमती भात, बटाटा, रताळी. निपाणीला तंबाखू, संकेश्वरला मिरची, चिकोडीपासून नदीकाठानं ऊसच ऊस. आणि मग कृष्णा ओलांडून अथणीच्या अंगाला आलात की हवा एकदम कोरडी होते, ओठ फुटतात, झाडं कमी होतात, लांबवर नुसता माळ आणि त्याच्यावर पवनचक्क्यांसारखे उभे विजेचे खांब. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोसुद्धा बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात ढगांचा गडगडाट करून पडणारा. सह्याद्रीनं सगळं पाणी पलीकडं उतरवून घेतल्यावर जे उरतं ते आमचं.

आमचं गाव अथणी तालुक्याच्या वरच्या अंगाला आहे, मिरज तालुका आणि जत तालुका दोन्ही जवळ. नाव लिहीत नाही, गावातली पोरं हल्ली सगळं वाचतात. दवाखाना मिरजेला, लग्नाची खरेदी मिरज-सांगलीला, खंडोबा मंगसुळीचा, आणि सरकारी काम अथणीला. १९५६ ला राज्यांची वाटणी झाली तेव्हा आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, म्हणजे जमीन तिथंच राहिली, कागद कन्नड झाले. आत्याच्या सासरी, दहा किलोमीटरवर, सातबारा असतो आणि आमच्याकडं पहाणी. त्यांच्याकडं कृषी सहायक येतो, आमच्याकडं रैत संपर्क केंद्रात आपण जायचं. शेजारच्या मळ्यातले गौडर काका आण्णांशी कन्नडमध्ये बोलतात, आण्णा मराठीत उत्तर देतात, पंचवीस वर्षं झाली, फवारणीचं एक औषध चुकलेलं नाही.

तालुक्यातच दोन देश आहेत. दक्षिणेला कृष्णा, तिच्या काठी काळीभोर जमीन, ऊस. उगारचा साखर कारखाना १९३९ चा, त्यामुळे तिकडं तीन पिढ्या उसाच्या. पाणी भरपूर दिलं, दिलं, दिलं आणि आता काही ठिकाणी जमिनीला पांढरं मीठ फुटलंय. आणि उत्तरेला आम्ही, मुरमाड, वीतभर माती आणि खाली काळा दगड. जवळची नदी म्हणजे अग्रणी, सांगलीच्या खानापूर तालुक्यातनं उगम पावून आमच्या तालुक्यात येऊन कृष्णेला मिळते, नदी म्हणायची, वर्षातले बरेच महिने वाळूच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, काठची गावंच्या गावं पाण्यात, बोटी चालल्या, टीव्हीवर अथणी तालुका अथणी तालुका म्हणून दाखवत होते, पुण्यातनं सगळ्यांचे फोन, तुमचं घर ठीक आहे ना, आणि आमच्या माळावर त्याच आठवड्यात पाऊस नाही म्हणून तूर मान टाकून उभी.

अथणी गाव मात्र जुनं, पेठेचं. सतराव्या शतकातल्या युरोपियन लोकांच्या प्रवासवर्णनांत अथणी येतं, विजापूर आणि गोवा यांच्या वाटेवरचा मोठा बाजार म्हणून. आणि मराठी माणसाला हे नाव माहीत असायला पाहिजे ते १६७९ मुळं. दिलेरखानानं अथणी लुटली, जाळली, माणसं गुलाम म्हणून विकायला काढली, संभाजीराजे तेव्हा त्याच्या छावणीत होते, त्यांनी विरोध केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते तिथनं निसटून विजापूरमार्गे पन्हाळ्याला आले. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. पुढं गाव निपाणीकरांच्या जहागिरीत होतं आणि १८३९ ला ती जहागीर खालसा होऊन इंग्रजांकडं गेलं. आता अथणी म्हणजे चपला (कोल्हापुरी म्हणून तुम्ही घालता त्यातल्या कितीतरी आमच्याकडच्या असतात) आणि द्राक्ष.

द्राक्ष काय पहिल्यापासून नव्हतं. आजोबांच्या वेळी शाळू, तूर, करडई, हुलगा, एक खिलार जोडी आणि एक विहीर, जिचं पाणी होळीपर्यंत पुरलं तर ते वर्ष चांगलं. बहात्तरच्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला गेलेली, हाताच्या अंगठ्याजवळ अजून खूण आहे. द्राक्ष आलं ते तासगावकडनं, नातेवाइकांच्या पिशवीतनं. आण्णांच्या मामांचं गाव तासगाव तालुक्यात, तिकडं साठ-सत्तरच्या दशकापासून बागा. १९९१ साली आण्णांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी मामांनी आहेर म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्यांची मोळी आणली. आईला अजून वाटतं की त्या लग्नात तिच्यापेक्षा त्या मोळीचं कौतुक जास्त झालं. अर्धा एकर लावली, तास-ए-गणेश. हे नाव लहानपणी मला गणपतीचं वाटायचं, तास म्हणजे तासगाव आणि ए म्हणजे आर्वे, बोरगावचे वसंतराव आर्वे, ज्यांनी आपल्या बागेत थॉमसनमधनंच हे वाण निवडून काढलं, हे मला फार नंतर कळलं.

आणि थॉमसन तरी कोण? तर कॅलिफोर्नियातला एक शेतकरी, विल्यम थॉमसन, १८७० च्या दशकात त्यानं मागवलेल्या काड्यांतनं ही बिनबियांची जात तिकडं पसरली, मूळची ती तुर्कस्तान-इराणकडची. आमची बाग बघितली तर खालचं मूळ आणि वरचं झाड वेगवेगळं आहे, खाली डॉगरीज, आमच्याकडं नुसतं जंगली म्हणतात, जंगली लावली का, कलम भरलं का. ती जंगली अमेरिकेतल्या टेक्सासची. आमच्या खारट बोअरच्या पाण्याला आणि दगडाला तीच टिकते. फ्रान्समधल्या बागा एकोणिसाव्या शतकात मुळावरच्या किडीनं मेल्या तेव्हा त्यांनीही अमेरिकन मुळावरच कलमं भरून बागा परत उभ्या केल्या, म्हणजे या बाबतीत आम्ही आणि ते वाइनवाले सख्खे.

बोर्डोचं तर अजून भारी आहे. आमच्या गावातल्या तिसरीतल्या पोराला बोर्डो माहीत आहे. बोर्डो म्हणजे निळं औषध, शेडच्या भिंतीवर निळे डाग, बाबाच्या शर्टावर निळे डाग. एका बॅरलमध्ये मोरचूद भिजवायचं, दुसऱ्यात चुना, शंभर लिटरला एक किलो आणि एक किलो, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत काठीनं ढवळत राहायचं. लहानपणी माझं काम म्हणजे विळा बुडवणं. स्वच्छ घासलेला विळा त्या निळ्या पाण्यात थोडा वेळ धरायचा आणि वर काढून बघायचा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा, नाहीतर पानं जळतात. मी विळा उन्हात तिरका धरून बघायची आणि ओरडायची, आण्णा तांबडा नाही, आणि मग पंप सुरू व्हायचा. मला खूप वर्षं वाटायचं की हे कुठल्या तरी कंपनीचं नाव आहे. नाशिकच्या त्या वायनरीत भिंतीवर फ्रान्सचा नकाशा लावलेला, त्यात हे नाव वाचलं आणि मी मोठ्यांदा हसले, सगळे बघायला लागले. गाव आहे ते! वाइनचं! तिथं रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून, आणि १८८० च्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींना डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) लागत नाही, बाकीच्या बागेला लागलाय. म्हणजे औषधाचा शोध लागला तो चोरांच्या भीतीनं. आमच्या रस्त्याकडेच्या ओळीवर पण शाळेची पोरं असतातच, पण त्यांना बोर्डो बघून फरक पडत नाही, फ्रॉकला पुसून खातात. मी पण खाल्लीत, गौडर काकांची.

त्यांच्यात आणि आमच्यात एक मोठा फरक आहे, झोपेचा. तिकडं थंडीत बर्फ पडतो, वेल झोपतो, वर्षाला एक छाटणी. आमच्याकडं वेलाला झोपायला हवाच मिळत नाही, म्हणून आपण त्याला फसवायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सगळं उतरवून टाकायचं, नवीन काडी तयार करायची, आणि ऑक्टोबरात फळ छाटणी, काडीवर पेस्ट लावून डोळे जागे करायचे, मग घड. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं वर्षातनं दोनदा येतात. आता आपण दोनदा छाटतो आणि एकदाच घेतो. पण वेल तेव्हाही झोपत नव्हता एवढं नक्की, आणि त्याच्याबरोबर बागायतदार पण झोपत नाही. ऑक्टोबर ते मार्च आण्णांच्या मोबाइलवर हवामानाची तीन ॲप आणि तिन्ही वेगळं सांगतात. फुलोऱ्यात पाऊस आला की घडकुज, पहाटे दव पडलं की डाऊनी, ढग आले की भुरी. पाणी नाही म्हणून रडत असतो आणि ढग आले की पण रडतो असं हे पीक. बोअरचं तर सांगू नका, तमिळनाडूच्या नंबरची गाडी गावात आली की बायका देवाला नारळ बोलतात, सात-आठशे फूट जाऊन नुसती धूळ निघाली की नारळ पण गेला आणि पैसे पण.

आता मुद्द्याचं, वायनरी का नाही.

हे असं नाही की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. महाराष्ट्रानं २००१ ला वाइनचं धोरण काढलं, नाशिकजवळ विंचूरला आणि आमच्या शेजारी सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. विंचूरचं चाललं, पलूसचं नाही जमलं. कर्नाटकानं २००७ ला धोरण काढलं, बेंगळुरूकडची नंदी व्हॅली आणि आमच्याकडची कृष्णा व्हॅली असं नाव दिलं. कृष्णा व्हॅली! आण्णांनी पेपरमधलं कात्रण ठेवलेलं. आम्ही तोपर्यंत त्याला माळ म्हणत होतो.

त्याच हवेत २००८ ला एका कंपनीचा माणूस गावात आला, पांढरा शर्ट, गळ्यात पट्टी, गोड बोलणारा. वाइनची द्राक्षं लावा, सगळा माल आम्ही उचलतो, विरळणी नको, डिपिंग नको, मणी मोठा करायचा खर्च नाही, कारण वाइनला मणी बारीकच लागतो. हे खरं पण आहे. साध्या बागेत जी. ए. मध्ये, म्हणजे मणी फुगवायच्या औषधात, घड बुडवा, कात्रीनं एकेक मणी काढा, बायकांच्या टोळ्या महिना-महिना वर मान करून उभ्या असतात, संध्याकाळी कुणाचीच मान खाली येत नाही. तो सगळा खर्च वाचणार म्हटल्यावर आण्णांनी विहिरीकडची पाऊण एकर दिली. शिराज. कागद काय झाला? काही नाही, चहा झाला.

पहिला माल धरला २०१० ला. तोपर्यंत वाइनचा धंदाच बसलेला, जगात मंदी, मुंबईवर हल्ला झाल्यापासून हॉटेलं रिकामी, टाक्यांत जुनी वाइन पडून, नाशिककडं लोकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. आमच्या माणसाचा फोन लागेना. आण्णा दोनदा पुण्याला त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर जाऊन आले, दुसऱ्यांदा तिथं झेरॉक्सचं दुकान होतं. आणि वाइनच्या द्राक्षाचं असं आहे की कंपनीनं नाही घेतलं तर त्याचं दुसरं काहीही होत नाही. मणी हरभऱ्यापेक्षा जरा मोठा, साल जाड, आत दोन-तीन बिया, बाजारात पेटी नेली तर व्यापारी हसतो. बेदाणा केला तर दातात कचकच. आण्णांनी दोन क्रेट केला पण, आज्जीनं एक खाल्ला आणि बी काढून तळहातावर ठेवून बघत बसली, म्हणाली, "हे तर बोर हाय की." बाकीचा माल गुरांना घातला.

थॉमसनचं तसं नाही ना. पेटीला चांगला दर आला तर चार किलोच्या पेट्या भरा, नाही आला तर गोड होऊ दे, बेदाणा टाका. म्हणजे व्यापाऱ्यानं पाडून मागितलं तर आण्णा त्याला नको म्हणू शकतात. मला अकाउंट्समध्ये असून हे नीट कळायला वेळ लागला, की बेदाणा हा आमच्याकडं धंदा आहेच पण त्याच्या आधी तो नाही म्हणायची सोय आहे. दोन हजार वीसला लॉकडाऊन लागला तेव्हा माल वेलीवर तयार, गाड्या बंद, तेव्हा ज्याच्याकडं बेदाणा वाळवायचे रॅक होते तो वाचला.

आणि या बेदाण्याला आमच्यासारखी रखरखीत हवा लागते. मार्चमध्ये दुपारी अडतीसच्या पुढं, वारं कोरडं, धुतलेली गोधडी तासाभरात वाळते. पाणी शंभर लिटर, त्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, दुधासारखं पांढरं होतं. क्रेट त्यात दोन-चार मिनिटं बुडवायचा, मण्यावरचं मेणचट असतं ते सुटतं, मग आतलं पाणी भराभर बाहेर पडतं. शेडमध्ये एकावर एक दहा-बारा मजल्यांच्या जाळ्या, त्यावर माल पातळ पसरायचा, वर पत्रा, बाजू उघड्या. ऊन लागू द्यायचं नाही, वारं लागू द्यायचं. पंधरा दिवस. पहिले तीन दिवस काहीच होत नाही असं वाटतं. पाचव्या-सहाव्या दिवशी शेडखालनं गेलं की गुळासारखा, वाळक्या गवतासारखा वास येतो, तो आमचा वास. हिरवट सोनेरी माल, चार किलोचा एक किलो. मग झाडून खाली पाडायचा, देठ काढायचे, वाऱ्याला धरायचा, बायका ताट मांडीवर घेऊन काळे वेगळे काढतात, पंधरा किलोचा बॉक्स, आणि गाडी तासगावला सौद्याला. तिथं गेला की तो सांगलीचा बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला जीआय पण मिळालाय. आण्णांना याचं काही वाटत नाही, मला वाटतं थोडं, कारण कृष्णा व्हॅली नाव मिळून काही आलं नाही आणि जे येतं त्याला आमचं नाव नाही. काजू कतलीशेजारच्या डब्यात तुम्ही जो खाताय तो अथणीचा नसेलच असं काही नाही.

तर मार्च २०१४. माझी बारावीची परीक्षा सुरू होती. महाराष्ट्रात आणि इकडं उत्तर कर्नाटकात आठवडाभर गारपीट चाललेली, पेपरात फोटो आहेत, शेतं पांढरी. आमच्याकडं गारा थोड्याच पडल्या, पण पाऊस आडवा आला. शेडमध्ये दोन्ही रॅकवर माल, चौथ्या दिवसाचा, म्हणजे ना द्राक्ष ना बेदाणा, सगळ्यात वाईट अवस्था. ताडपत्र्या सोडेपर्यंत खालचे मजले भिजले. मग वारं नाही, नुसतं ढगाळ, घामट, तीन दिवस. पहिल्या दिवशी आण्णांनी पंखे लावले, वीज गेली. दुसऱ्या दिवशी घरातले तात्या आणि आण्णा हातानं माल उलटापालटा करत होते. तिसऱ्या दिवशी मी फिजिक्सचा पेपर देऊन आले, सायकल अजून बांधावर असतानाच वास आला. गोड, आंबट, थोडा दारूच्या दुकानापाशी येतो तसा. माशा. आण्णा रॅकच्या पायाशी उकिडवे बसलेले, हातात मूठभर मणी, दाबत होते आणि फेस येत होता. कुणी काही बोललं नाही. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही, शेजारनं भाकरी आल्या, मयताच्या घरी येतात तशा. महिन्याभरानं कुणीतरी येऊन तो काळा पडलेला माल किलोवर घेऊन गेला. कशाला नेला ते आम्ही विचारलं नाही.

आता तुम्ही सांगा, तळघरात डोळे मिटून खोल श्वास घ्या म्हटल्यावर मी काय करणार होते.

तरी मी एक बाटली घेतली. शिराजच. का घेतली तर टेस्टिंगला त्यांनी बशीत द्राक्षंपण ठेवलेली, बारीक, काळी, एक तोंडात टाकलं आणि बी दाताखाली आली, तर ती आमच्या विहिरीकडची चव. तिथली एक ओळ आण्णांनी उपटलीच नाही, बांधाला आधार म्हणून, अजून आहे, साळुंक्या खातात. म्हटलं आण्णांना दाखवावं की त्याचं शेवटी काय होतं.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी गेले. मिरजेतनं गावाकडच्या वडापमध्ये बाटली ओढणीत गुंडाळून मांडीवर, शेजारच्या मावशी विचारतात, काय गं, तेल? म्हटलं हो. घरी आज्जीनं पहिलं सांगितलं की देवघराच्या भिंतीला टेकवू नको. रात्री जेवण झाल्यावर आण्णांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं, परत वाचलं.

"एका बाटलीला किती माल लागतो?"

"किलोभर. सव्वा किलो धरा."

"आनि किंमत?"

सांगितली. त्यांनी मान हलवली, ओठ हलत होते, ते बहुतेक पाऊण एकराचा हिशोब करत होते. बूच काढायचं ते वेटोळं घरात कुठलं असणार, शेवटी तात्यांनी मोठा स्क्रू पिळून पकडीनं ओढलं. आण्णा माळकरी, पिणार नव्हतेच, नुसती नाकाजवळ नेली. एकदा. मग परत एकदा. आज्जी खाटेवरनं म्हणाली, "आण हिकडं," तिच्या नाकाशी धरली तर तिनं पदर तोंडाला लावला.

आण्णांनी बूच परत बसवलं, बाटली फडताळात ठेवली, बॅटरी घेतली, चप्पल घातली. बाहेर टिपूर चांदणं, एक ढग नाही. "येतो जरा शेडकडनं," म्हणाले, "खालच्या जाळीला हात लावून." मी पण गेले मागनं.